सरासरीपासून किती दूर?

परीक्षेचा निकाल लागला, कीं घरोघरीं एक प्रश्न हटकून निघतो: "वर्गाची सरासरी किती होती?" सरासरीपेक्षां गुण अधिक असले तर आनंद, कमी असले तर खेद, इतक्यावर तो विचार बहुधा संपतो. परंतु सरासरी हा आंकडा एकटा फार थोडें सांगतो. सरासरीहून दहा गुण कमी पडणें ही चिंतेची गोष्ट आहे कीं अगदीं नित्याची, याचें उत्तर त्या एका आंकड्यांत नाहीं. तें उत्तर मिळविण्याचा एक सोपा नियम संख्याशास्त्रांत आहे. तो नियम काय आहे, कोठें लागू पडतो आणि कोठें पडत नाहीं, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. बेरीज, वजाबाकी, वर्ग आणि वर्गमूळ ज्यास येतें, त्यास हा विषय कठीण जाणार नाहीं.

प्रथम एक लहानसें उदाहरण घेऊं. अशी कल्पना करा, कीं पांच विद्यार्थ्यांच्या एका गटास ४७, ४९, ५०, ५१ व ५३ असे गुण मिळाले. आणि दुसऱ्या गटास ३५, ४५, ५०, ५५ व ६५ असे मिळाले. दोन्ही गटांची सरासरी ५० च आहे. तरी पण हे गट सारखे आहेत, असें कोणीहि म्हणणार नाहीं. पहिल्या गटांतील मुलें सरासरीच्या अगदीं निकट उभीं आहेत. दुसऱ्या गटांतील दूरदूर पांगलेलीं आहेत. ही पांगापांग मोजण्याचें जें माप, त्यास प्रमाण विचलन असें म्हणतात. या मापाचें इंग्रजी नांव कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञानें १८९३-९४ च्या सुमारास रूढ केलें.

तें काढण्याची रीत अशी: प्रत्येक आंकडा सरासरीपासून किती अंतरावर आहे तें पाहावें, त्या अंतराचा वर्ग करावा, सर्व वर्गांची सरासरी घ्यावी, आणि शेवटीं तिचें वर्गमूळ काढावें. पहिल्या गटांत अंतरें ३, १, ०, १, ३ अशीं आहेत. त्यांचे वर्ग ९, १, ०, १, ९; त्यांची बेरीज २०; पांचांनीं भागून ४; आणि ४ चें वर्गमूळ २. दुसऱ्या गटांत अंतरें १५, ५, ०, ५, १५, वर्ग २२५, २५, ०, २५, २२५, बेरीज ५००, भागाकार १००, वर्गमूळ १०. अर्थात् पहिल्या गटाचें प्रमाण विचलन २ गुण, व दुसऱ्याचें १० गुण. वर्ग कां करावयाचा, असें कोणी विचारील. कारण असें, कीं सरासरीच्या वरचीं अंतरें अधिक चिन्हाचीं व खालचीं उणे चिन्हाचीं असतात. तीं तशींच मिळविलीं तर एकमेकांस खाऊन टाकतात, आणि बेरीज नेहमीं शून्य येते. वर्ग केला म्हणजे उणे चिन्ह नाहींसें होतें.

आतां ४५ हा आंकडा पाहा. तो दोन्ही सरासरींपासून सारखाच, पांच गुणांनीं खालीं आहे. परंतु पहिल्या गटाच्या मापानें तो अडीच प्रमाण विचलनें खालीं आहे, व दुसऱ्याच्या मापानें केवळ अर्धें. अंतर तेंच; गट बदलला, कीं त्याचा अर्थ बदलतो. पुढील सर्व विवेचनाचें बीज येथें आहे.

दुसरी गोष्ट आकाराची. पुष्कळ माणसांचीं मापें घेऊन, प्रत्येक मापाचीं किती माणसें निघालीं तें उभ्या पट्ट्यांनीं कागदावर काढलें, तर अनेक वेळां एक विशिष्ट आकृति उमटते. मध्यें उंचवटा, आणि दोन्ही बाजूंस सारखा उतार. आरंभीं तो उतार जलद असतो, आणि शेवटीं तो हळूहळू जमिनीस टेकतो. या आकृतीस घंटाकृति वक्र म्हणतात. मात्र ही घंटा म्हणजे तास संपल्यावर शिपाई जिच्यावर टोला मारतो ती पितळेची थाळी नव्हे. देवळांत किंवा चर्चच्या मनोऱ्यांत टांगलेली, तोंड खालीं व कडा बाहेर पसरलेली जी घंटा, ती डोळ्यांपुढें आणावी.

असा आकार कां यावा? दहा नाणीं एकदम उडवून पाहा. छापा व कांटा मिळून तीं पडण्याचे एकंदर १०२४ प्रकार आहेत. दहाहि छापे पडण्याचा प्रकार फक्त एक. परंतु पांच छापे व पांच कांटे पडण्याचे प्रकार २५२ आहेत. म्हणून मधले निकाल वारंवार येतात, व टोकाचे क्वचित् येतात. जेथें एखादें माप पुष्कळ लहान लहान आणि स्वतंत्र कारणांच्या बेरजेनें घडतें, तेथें सर्व कारणें एकाच बाजूस ओढण्याचा योग विरळाच येतो. बहुतेक वेळां तीं एकमेकांस सांवरून धरतात. आब्राहाम द म्वाव्र या गणितज्ञानें १७३३ सालीं नाण्यांच्या अशाच प्रश्नावरून या वक्राचें गणित प्रथम मांडलें. पुढें १८०९ सालीं कार्ल फ्रीडरिख गाउस या जर्मन गणितज्ञानें ग्रहताऱ्यांच्या वेधांतील चुकांस तें लावलें. गाउसचें चित्र व हा वक्र जर्मनीनें १९९० च्या दशकांत आपल्या दहा मार्कांच्या नोटेवर छापला होता.

ज्या मापांची आकृति घंटेसारखी आहे, त्यांस पुढील नियम लागू पडतो. सरासरीच्या दोन्ही बाजूंस एक प्रमाण विचलन इतक्या अंतरांत सुमारें ६८ टक्के मापें येतात. दोन प्रमाण विचलनांच्या आंत सुमारें ९५ टक्के. आणि तीन प्रमाण विचलनांच्या आंत सुमारें ९९.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सर्व. यास अनुभवसिद्ध नियम असें नांव आहे. हे आंकडे वक्राच्या गणितांतूनच निघतात. परंतु प्रत्यक्ष मोजलेल्या मापांतहि ते पुनःपुन्हां आढळून येतात, म्हणून हें नांव सार्थ आहे.

नियमावर विश्वास ठेवण्यापूर्वीं त्याची परीक्षा करणें योग्य. त्यासाठीं संख्याशास्त्राच्या इतिहासांतील एक प्रसिद्ध कोष्टक घेऊं. बेल्जमचे ज्योतिषी आदोल्फ केतले यांनीं १८४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत स्कॉटलंडमधील ५७३८ सैनिकांच्या छातीचा घेर इंचांत दिला आहे. तें कोष्टक असें:

३३ इंच – ३ सैनिक; ३४ – १८; ३५ – ८१; ३६ – १८५;
३७ – ४२०; ३८ – ७४९; ३९ – १०७३; ४० – १०७९;
४१ – ९३४; ४२ – ६५८; ४३ – ३७०; ४४ – ९२;
४५ – ५०. ४६ – २१. ४७ – ४. ४८ – १.

आंकडे वाचतांनाच घंटेचा आकार दिसूं लागतो. तिघांपासून आरंभ होऊन संख्या ३९ व ४० इंचांपाशीं हजाराच्या वर चढते, आणि पुनः उतरत उतरत एकावर येते. वर सांगितलेल्या रीतीनें हिशेब केला असतां सरासरी ३९.८३ इंच व प्रमाण विचलन २.०५ इंच येतें. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. एका संध्याकाळचें काम आहे.

आतां नियम लावूं. सरासरीतून एक प्रमाण विचलन वजा केलें तर ३७.७८, व मिळविलें तर ४१.८८ येतें. या मर्यादेंत ३८, ३९, ४० व ४१ इंचांचे सैनिक येतात. त्यांची बेरीज ३८३५, म्हणजे शेंकडा ६६.८. नियम म्हणतो ६८. दोन प्रमाण विचलनांच्या मर्यादा ३५.७३ व ४३.९३, त्यांच्या आंत ३६ पासून ४३ पर्यंतचे ५४६८ सैनिक, म्हणजे शेंकडा ९५.३. नियम म्हणतो ९५. तीन प्रमाण विचलनांच्या मर्यादा ३३.६८ व ४५.९८, त्यांच्या आंत ५७०९ सैनिक, म्हणजे शेंकडा ९९.५. नियम म्हणतो ९९.७. जो थोडा फरक राहिला, त्याचें एक कारण असें, कीं मापें पूर्ण इंचांतच नोंदलेलीं आहेत. ४६ इंच म्हणून नोंदलेले २१ जण वरच्या मर्यादेच्या केंसभर बाहेर पडले. नियम "सुमारें" असें म्हणतो, तो याचसाठीं. तथापि साडेपांच हजारांहून अधिक माणसांची रचना तीन आंकड्यांत इतक्या जवळून सांगतां यावी, ही गोष्ट लहान नव्हे. सैन्यासाठीं कोट शिवणाऱ्यास कोणत्या मापाचे किती कोट लागतील, याचा अंदाज केवळ दोन आंकड्यांवरून, म्हणजे सरासरी व प्रमाण विचलन यांवरून, बांधतां येईल.

याच केतले यांनीं घंटाकृति वक्राचा उपयोग करून एक लबाडीहि उघड केली. फ्रान्समध्यें सक्तीच्या सैन्यभरतीसाठीं तरुणांची उंची मोजीत, आणि १५७ सेंटिमीटरांहून ठेंगण्या तरुणांस सैन्यांतून सूट मिळे. केतले यांनीं एक लाख तरुणांचीं मापें वक्राशीं ताडून पाहिलीं. तेव्हां असें दिसलें, कीं त्या मर्यादेच्या खालीं वक्राच्या हिशेबाहून दोन हजारांवर माणसें अधिक आहेत, आणि मर्यादेच्या लगेच वर जवळजवळ तितकींच कमी आहेत. इतर सर्वत्र नीट असलेली घंटा नेमकी तेवढ्याच जागीं चेपलेली! निसर्गास सैन्यभरतीचा कायदा ठाऊक नसतो. अर्थात् मोजतांना कोणी गुडघे वांकविले असतील, किंवा मोजणाराचा हात वांकडा झाला असेल. कोणत्या तरुणानें फसविलें, तें वक्र सांगूं शकत नाहीं. परंतु फसवणूक झाली आहे, असा संशय घेण्यास तो सबळ आधार देतो.

आपल्याकडील एक उदाहरणहि जाणण्यासारखें आहे. गोव्यांत १९०७ सालीं जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक असतां त्यांनीं प्राचीन रुप्याच्या नाण्यांचा अभ्यास आरंभिला. टांकसाळींतून निघालेल्या नाण्यांचीं वजनें सारखीं दिसलीं, तरी त्यांत सूक्ष्म फरक असतो. तीं हातोहात फिरूं लागलीं, कीं झिजतात. म्हणून सरासरी वजन हळूहळू घटतें. परंतु सर्व नाणीं सारखीं झिजत नाहींत. म्हणून वजनांची पांगापांग वाढत जाते. हें तत्त्व कोसंबी यांनीं आपल्या काळांत चलनांत असलेलीं नाणीं तराजूंत घालून पडताळून पाहिलें, व मग तक्षशिलेच्या प्राचीन नाण्यांस लावलें. ज्या नाण्यांवर सनावळी नाहीं, त्यांचें पौर्वापर्य त्यांनीं सरासरी व पांगापांग यांच्या आधारें ठरविण्याचा यत्न केला. एकट्या सरासरीस जें सांगतां आलें नसतें, तें दोन आंकड्यांनीं मिळून सांगितलें.

आतां शाळेकडे वळूं. समजा, एका परीक्षेस २०० विद्यार्थी बसले, व दोन्ही विषयांच्या गुणांची आकृति घंटेसारखी आली. गणिताची सरासरी ५५ व प्रमाण विचलन १५. मराठीची सरासरी ५८ व प्रमाण विचलन ६. एका मुलीस दोन्ही विषयांत ७०, ७० गुण पडले. प्रगतिपुस्तकांत हे आंकडे सारखे दिसतात. परंतु गणितांत ती सरासरीच्या एक प्रमाण विचलन वर आहे, आणि मराठींत दोन. नियमाप्रमाणें एक प्रमाण विचलनाच्या आंत ६८ टक्के, म्हणून बाहेर ३२ टक्के. त्यांतील अर्धे, म्हणजे १६ टक्के, वरच्या बाजूस. दोनशेंत हे सुमारें ३२ विद्यार्थी झाले. मराठींत मात्र दोन प्रमाण विचलनांच्या बाहेर ५ टक्के, व वरच्या बाजूस अडीच टक्के. दोनशेंत सुमारें ५ विद्यार्थी. म्हणजे गणितांत तिच्या पुढें बत्तीस जण आहेत, व मराठींत अवघे पांच. प्रगतिपुस्तक पाहणाऱ्या आईबापांस हा भेद कळला, तर मुलीच्या खऱ्या गुणाची पारख त्यांस अधिक चांगली होईल.

येथवर नियमाचे गुण सांगितले. परंतु ज्या शस्त्राचे दोष ठाऊक नाहींत, तें वापरूं नये. हा नियम घंटाकृति मापांसाठींच आहे, आणि कित्येक मापें घंटाकृति नसतात. समजा, एका गांवांत शेतजमिनीची सरासरी दर कुटुंबास ८ एकर आहे, व प्रमाण विचलन १२ एकर. नियम डोळे मिटून लावला तर ९५ टक्के कुटुंबांची जमीन उणे १६ एकर ते ३२ एकर यांच्या दरम्यान येते! उणे १६ एकरांचा धनी कोणी पाहिला आहे? हा मूर्खपणा नियमाचा नव्हे. तो लावणाराचा आहे. अशा गांवांत पुष्कळांकडे थोडी जमीन व थोड्यांकडे पुष्कळ असते, आणि आकृति एका बाजूस लांब शेपटी असलेली निघते. मिळकत, रोजचा पाऊस, घरांच्या किंमती यांचें असेंच आहे. त्याचप्रमाणें सोप्या परीक्षेंत सारेच गुण वरच्या टोकाशीं गोळा होतात. आणि दोन निरनिराळे वर्ग एकत्र केले तर कधीं कधीं दोन उंचवटे दिसतात. म्हणून प्रथम आकृति काढावी, मग नियम आठवावा. उलट करूं नये. आकार कसाहि असो, तरी जें खरें ठरतें असें एक विधान चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञानें १८६७ सालीं सिद्ध केलें: दोन प्रमाण विचलनांच्या आंत निदान ७५ टक्के, व तीन प्रमाण विचलनांच्या आंत निदान नऊपैकीं आठ भाग मापें असतातच. हें आश्वासन सर्वत्र टिकतें. पण ९५ व ९९.७ यांच्या मानानें तें ढिलें आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. केतले यांस आपल्या वक्राचा इतका मोह पडला, कीं "सरासरी मनुष्य" हाच निसर्गाचा आदर्श, व बाकीचे सर्व त्या आदर्शापासून ढळलेले, असें ते मानूं लागले. वेधांतील चुकांस लावलेलें गणित त्यांनीं माणसांस लावलें, आणि मग माणसांतील भेद त्यांस चुकांसारखे दिसूं लागले. परंतु ४४ इंच छातीचा सैनिक ही ४० इंची सैनिकाची बिघडलेली प्रत नव्हे. नियम स्वतःच सांगतो, कीं कोणत्याहि निरोगी समुदायांत सुमारें तिघांपैकीं एक जण एक प्रमाण विचलनाच्या बाहेर असणारच. सर्वांनीं सरासरीवर यावें अशी अपेक्षा करणें, म्हणजे घंटेच्या जागीं एक खिळा उभा करूं पाहणें होय.

मुलांच्या वाढीची तपासणी करतांना वैद्य हाच विवेक पाळतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांप्रमाणें दहा वर्षें पूर्ण झालेल्या मुलाची मध्य उंची सुमारें १३८ सेंटिमीटर आहे, व दोन प्रमाण विचलनें खालची रेषा सुमारें १२५ सेंटिमीटरांवर येते. १३३ सेंटिमीटर उंचीचा मुलगा शेजारच्या मुलाहून ठेंगणा दिसला, तर आईबापांनीं घाबरण्याचें कारण नाहीं. तो एक प्रमाण विचलनाच्याहि आंत आहे. १२५ च्या खालीं उंची असली, तर मात्र वैद्यास दाखवावें: आहार पुरेसा आहे काय, कांहीं दुखणें आहे काय, याचा शोध घ्यावा. तरी ध्यानांत असूं द्यावें, कीं शंभर निरोगी मुलांतहि दोन-तीन मुलें त्या रेषेखालीं निसर्गतःच असतात. ती रेषा चौकशीचें निमित्त आहे, निवाडा नव्हे. नियम समुदायाविषयीं बोलतो. समोर उभ्या असलेल्या एका मुलाविषयीं अखेरचा शब्द तो बोलत नाहीं, आणि बोलूंहि शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, या नियमाची ओळख वाचून होते त्याहून करून अधिक चांगली होते. एका इयत्तेंतील, एका वयाच्या शंभरेक मुलांची किंवा मुलींची वीत मिलिमीटरांत मोजा. हाताचीं बोटें सारखीं ताणावयास सांगा, आणि मापें जशीं येतील तशींच लिहा. आपल्या मनास पटावीं म्हणून बदलूं नका. पट्ट्या काढून आकृति पाहा. ती घंटेसारखी निघाली तर सरासरी व प्रमाण विचलन काढा, आणि ६८, ९५ व ९९.७ यांच्याशीं ताडून पाहा. आंकडे जवळ आले तर आनंद होईलच. न आले तर अधिक चांगलें. कां आले नाहींत, हें शोधतांना जें शिकाल तें कोणत्याहि पुस्तकांतून सहज मिळणार नाहीं. आणि पुढच्या वेळीं कोणी एखादा आंकडा दाखवून तुमची स्तुति किंवा निंदा करूं लागला, तर विनयानें तीन प्रश्न विचारा: सरासरी किती, पांगापांग किती, आणि आकृति कशी? या तिहींचीं उत्तरें मिळाल्यावांचून कोणत्याहि आंकड्यानें हर्षून जाऊं नये, आणि खचूनहि जाऊं नये.